वाय-फाय डोंगलच्या खोक्यावर चिपचं नाव छापा

मा. संपादक यांस,
सा.न.वि.वि.

शहापूर-मुरबाडच्या ज्या पाड्यांवर मोबाइलची रेंज धड लागत नाही, तिथल्या शाळेत एका छोट्या संगणकात मराठी विकिपीडिया भरायचा आणि वर्गापुरतं वाय-फाय सुरू करायचं. नाहीतर नौपाड्यातल्या एखाद्या अभ्यासिकेत भिंतीतून आलेल्या एकुलत्या केबलला 'रास्पबेरी पाय' हा छोटा संगणक (थोडक्यात 'पाय') जोडून दहा-पंधरा मोबाइलना जोडणी द्यायची. अशी कामं ठाण्या-ऐरोलीतली अभियांत्रिकीची मुलं आता वर्षाच्या प्रकल्पात सहज हाती घेतात. कल्पना चांगली, खर्च बेताचा. अडतं ते शेवटच्या टप्प्यावर. संगणक ठीक, कार्डावरची प्रणाली ठीक, हॉटस्पॉटची फाइल अक्षर न अक्षर तपासलेली, आणि तरी मोबाइलवर नेटवर्कचं नाव उमटत नाही. 'पाय खराब निघाला' असा निकाल लागतो आणि वर्गणीतून घेतलेली वस्तू कपाटात जाते.

खराब बहुधा काहीच झालेलं नसतं. यूएसबीत खोचलेल्या पाचशे रुपयांच्या वाय-फाय डोंगलमधली चिप आणि लिनक्स या संगणकप्रणालीतला तिचा ड्रायव्हर (चिप चालवणारा कार्यक्रम) यांना 'ॲक्सेस पॉइंट' होणं, म्हणजे स्वतः नेटवर्क सुरू करून इतरांना जोडून घेणं, जमत नसतं, एवढंच. आणि हे विकत घेताना कळायला मार्ग नाही, कारण खोक्यावर १५०, ३००, ६०० असे वेगाचे आकडे ठळक छापलेले असतात आणि चिपचं नाव कुठेच नसतं. हे पत्र त्यासाठीच आहे.

हाच डोंगल घरच्या राउटरला मात्र बिनतक्रार जोडला जातो, त्यामुळे गोंधळ वाढतो. पण ठाणे स्थानकात लोकल पकडणं निराळं आणि त्याच फलाटावरून लोकल सोडणं निराळं. जोडून घेणाऱ्या यंत्राला नेटवर्कची हाक ऐकून परवलीचा शब्द द्यायचा असतो. ॲक्सेस पॉइंटला ती हाक स्वतः घालावी लागते, दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला साधारण दहा वेळा, अखंड. प्रत्येक मोबाइलसाठी वेगळी किल्ली सांभाळायची, बॅटरी वाचवायला झोपलेल्या मोबाइलची माहितीची पाकिटं राखून ठेवायची, आणि 'तुझं काही आलंय' हे पुढच्या हाकेत सांगायचं. ही कामं ड्रायव्हरमध्ये किंवा चिपच्या फर्मवेअरमध्ये (चिपच्या आत चालणाऱ्या कार्यक्रमात) लिहिलेली असावी लागतात. विंडोज लॅपटॉपसाठी डोंगल विकणाऱ्याला त्यांची गरजच पडत नाही, मग तो ती लिहून घेत नाही.

लिनक्समध्ये हा व्यवहार ठरलेल्या वाटेने चालतो. वरच्या टोकाला हॉटस्पॉट चालवणारा कार्यक्रम, बहुतेक ठिकाणी 'होस्ट-एपीडी'. तो कर्नेलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, 'एनएल८०२११' नावाच्या भाषेत बोलतो. कर्नेलमध्ये २००७ पासून 'मॅक८०२११' हा सामाईक थर आहे; ज्या ड्रायव्हरचं या थराशी नीट जुळतं, त्याला ॲक्सेस पॉइंटची बरीचशी कामं आयती मिळतात. काही कंपन्या मात्र विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हरच वरवर बदलून लिनक्सला चिकटवतात. तो जुन्या धाटणीचा असेल तर 'एनएल८०२११' त्याला कळत नाही आणि होस्ट-एपीडी 'ड्रायव्हर इनिशियलायझेशन फेल्ड' म्हणून बंद पडतं.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण एडिमॅक्सच्या नखाएवढ्या ईडब्ल्यू-७८११यूएन डोंगलचं. पहिला रास्पबेरी पाय २०१२ मध्ये आला तेव्हा त्याला स्वतःचं वाय-फाय नव्हतं, आणि हा डोंगल घरोघरी पोहोचला. आत रियलटेकची आरटीएल८१८८सीयूएस चिप. कंपनीच्या ड्रायव्हरबरोबर नेहमीचं होस्ट-एपीडी चालत नसे; रियलटेकने बदल केलेलं वेगळं होस्ट-एपीडी बसवून त्याच्या फाइलमध्ये ड्रायव्हर म्हणून 'आरटीएल८७१एक्सडीआरव्ही' लिहावं लागे. त्या काळातल्या सूचना अजून जशाच्या तशा फिरतात. आजच्या साध्या होस्ट-एपीडीत तोच शब्द घातला की 'इनव्हॅलिड/अननोन ड्रायव्हर' असं उत्तर येतं आणि मुलं दोन दिवस स्वतःची टंकनचूक शोधत बसतात. जुन्या सूचनेत हा शब्द दिसला तर ती सूचना सरळ बाजूला ठेवावी.

दुसरं उदाहरण जास्त चीड आणणारं आहे. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा लांब अँटेनाचा डोंगल. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती. तिचा 'एटीएच९के-एचटीसी' हा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे, फर्मवेअरही खुलं आहे, आणि सातेक मोबाइलपर्यंत ॲक्सेस पॉइंटचं काम ती चोख करते. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत नाव तेच, रूप तेच, आत मात्र रियलटेकची आरटीएल८१८८ईयूएस. लिनक्सच्या दृष्टीने ही सर्वस्वी दुसरी वस्तू. आवृत्तीचा आकडा मागच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरांत असतो. ऑनलाइन विक्रीच्या पानावर बहुतेकदा तोही नसतो, आणि खालचे कौतुकाचे अभिप्राय पहिल्या आवृत्तीच्या दिवसांतले असतात.

म्हणून कंपनीचं नाव विसरून आधी चिप ओळखावी. आज्ञा इथे देवनागरीत देतो आहे. टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत. 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली की प्रत्येक यूएसबी वस्तूसमोर दुभंगलेल्या ओळखक्रमांकाची एक जोडी दिसते. '१४८एफ:५३७०' म्हणजे रॅलिंकची आरटी५३७०, '१४८एफ:७६०१' म्हणजे मीडियाटेकची एमटी७६०१यू, '०सीएफ३:९२७१' म्हणजे वर सांगितलेली अथेरॉस. क्रमांक अनोळखी असेल तर तो जसाच्या तसा इंटरनेटवर शोधावा, चिपचं नाव सापडतं. मग 'ईथटूल', तिच्यापुढे 'वजा आय' आणि 'डब्ल्यूलॅन१' (यंत्राने डोंगलला दिलेलं नाव) असं दिल्यावर कुठला ड्रायव्हर लागला आहे ते कळतं.

खरी परीक्षा 'आयडब्ल्यू लिस्ट' या आज्ञेची. उत्तर लांबलचक येतं, पण पाहायच्या जागा तीनच. 'सपोर्टेड इंटरफेस मोड्स' या मथळ्याखाली 'एपी' ही दोन अक्षरं आहेत का? नसतील तर पुढे वेळ घालवू नये. त्या ड्रायव्हरवर कुठलीही फाइल लिहून उपयोग नाही. दुसरी जागा वारंवारितांची यादी. एखाद्या वाहिनीसमोर (चॅनेलसमोर) 'नो आयआर' लिहिलं असेल तर तिथे आपण होऊन प्रसारण सुरू करायला मनाई आहे, म्हणजे ॲक्सेस पॉइंट बाद. तिसरी 'व्हॅलिड इंटरफेस कॉम्बिनेशन्स'. एकाच डोंगलने राउटरकडून इंटरनेट घ्यायचं आणि त्याच डोंगलने पुढे वाटायचं असेल तर ती परवानगी इथे दिसते. बहुतेकांच्या बाबतीत त्या ओळीच्या शेवटी वाहिन्यांची संख्या एक असते. म्हणजे घरचा राउटर ११ वर असेल तर आपलं नेटवर्कही ११ वरच चालणार. फाइलमध्ये ६ लिहिलं की होस्ट-एपीडी उठत नाही, किंवा उठलं तर राउटरची जोडणी तुटते. राउटर रात्रीतून स्वतःच वाहिनी बदलतो आणि सकाळी सगळं बंद दिसतं, त्याचं कारणही हेच. दोन डोंगल घ्यावेत, किंवा इंटरनेट केबलने आणावं.

आता चिपची निवड. आरटी५३७० ही जुनी, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी, वेगाने बेताची; पण 'आरटी२८००यूएसबी' या कर्नेलमधल्या ड्रायव्हरवर ॲक्सेस पॉइंट म्हणून कुरकुर न करता चालते. पाड्यावरच्या वर्गाला तेवढं पुरे. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे हवेत तर मीडियाटेकची एमटी७६१२यू घ्यावी. तिचे ड्रायव्हर 'एमटी७६' कुटुंबातले, कर्नेलमध्येच आहेत. पाय ४ वर ती अधूनमधून अडखळली तर 'एमटी७६-यूएसबी' या मॉड्यूलला 'डिसेबल-यूएसबी-एसजी' बरोबर १ हा पर्याय 'मॉडप्रोब-डी' फोल्डरमधल्या फाइलमध्ये द्यावा. मात्र त्याच कंपनीची एमटी७६०१यू चुकूनही या कामाला घेऊ नये. बाजारातल्या सगळ्यांत स्वस्त, नखाएवढ्या डोंगलमध्ये ती सर्रास असते, कर्नेलमध्ये ड्रायव्हरही आहे, राउटरला झटकन जोडली जाते, आणि 'आयडब्ल्यू लिस्ट'मध्ये 'एपी' नाही. फसगत होणाऱ्यांत हिचे गिऱ्हाईक पुष्कळ असावेत.

रियलटेकबद्दल सरसकट नाक मुरडणं बरोबर नाही. तिच्या ८८२१सीयू आणि ८८२२बीयू या चिपांना कर्नेलच्या ६.२ आवृत्तीपासून 'आरटीडब्ल्यू८८' या मूळ ड्रायव्हरात जागा मिळाली आहे. त्रास होतो तो त्याआधीच्या कर्नेलवर किंवा मूळ ड्रायव्हर नसलेल्या चिपांवर, जिथे बाहेरून आणलेला ड्रायव्हर आपल्या यंत्रावर संकलित (कंपाइल) करावा लागतो. तो आज चालतो, उद्या चालेलच असं नाही. कर्नेलच्या आतली रचना आवृत्तीगणिक बदलत राहते आणि बाहेरच्या ड्रायव्हरला ते कुणी कळवत नाही. मुलं यंत्र नीट बसवून देतात, शाळेत कुणीतरी 'अपग्रेड' करतं, नवं कर्नेल येतं आणि वाय-फाय गायब. 'डीकेएमएस' वापरलं तर नव्या कर्नेलबरोबर ड्रायव्हर आपोआप पुन्हा संकलित होतो, पण त्यासाठी त्या कर्नेलच्या हेडर फाइली हव्यात. रास्पबेरीच्या बुकवर्म प्रणालीत पाय ३ आणि ४ च्या ६४ बिटी कर्नेलसाठी त्यांचं पॅकेज 'लिनक्स-हेडर्स-आरपीआय-व्ही८', पाय ५ साठी शेवटी 'व्ही८'ऐवजी '२७१२'. पाय ४ वर आणखी एक खोच आहे: ३२ बिटी प्रणाली बसवली तरी कर्नेल ६४ बिटी चालू होतं आणि संकलन फसतं. अशा वेळी 'कॉन्फिग डॉट टीएक्सटी'मध्ये 'आर्म-६४बिट' बरोबर शून्य लिहावं, किंवा सरळ ६४ बिटी प्रणाली बसवावी. दुसरा मार्ग सोपा. जिथे देखभालीला माणूस नाही तिथे बाहेरचा ड्रायव्हर लागणारा डोंगल देऊच नये, असं माझं मत आहे.

कर्नेलचे संदेश दाखवणाऱ्या 'डीमेसेज' या आज्ञेचं उत्तरही वाचायची सवय हवी. 'फर्मवेअर लोड फेल्ड' आणि शेवटी 'एरर वजा २' दिसलं तर डोंगल बिघडलेला नाही. फर्मवेअरची फाइल सापडलेली नाही, एवढाच अर्थ. रास्पबेरीची प्रणाली ज्यावर बेतलेली आहे त्या डेबियनच्या बुकवर्म आवृत्तीत रॅलिंक-मीडियाटेकची फर्मवेअरं 'फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री'मध्ये आणि अथेरॉसचं 'फर्मवेअर-अथेरॉस'मध्ये मिळतं. 'ड्रायव्हर फ्री' लिहिलेल्या डोंगलची गंमत वेगळीच. ते आधी स्वतःला सीडी म्हणून ओळख देतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. 'एलएसयूएसबी'त '०बीडीए:१ए२बी' आणि पुढे 'डिस्क' असं दिसलं तर समजावं, वाय-फाय अजून जागं झालेलं नाही. 'यूएसबी-मोडस्विच' पॅकेज बसवून डोंगल काढून पुन्हा लावला की बहुधा खरा क्रमांक दिसतो.

डोंगल नकोच, पायचं अंगचं वाय-फाय वापरू, असं म्हणणाऱ्यांचं बरंचसं बरोबर आहे. २०१६ च्या पाय ३ पासून ते आहे. पाय ३, झीरो डब्ल्यू आणि झीरो २ डब्ल्यूवर फक्त २.४ गिगाहर्ट्झ, ३बी+, ४ आणि ५ वर दोन्ही पट्टे. 'बीआरसीएमएफमॅक' हा ड्रायव्हर ॲक्सेस पॉइंट होतो, आणि घरापुरतं छान चालतं. पण या चिपमध्ये वर सांगितलेली कामं फर्मवेअरच करतं, आणि त्याची स्मृती तोकडी. त्यामुळे किती मोबाइल जोडता येतील याची मर्यादा तिथेच ठरते. पुढचा मोबाइल नुसता 'कनेक्टिंग' म्हणत राहतो. ३बी+ आणि ४ वर 'अपडेट-अल्टर्नेटिव्ह्ज'ने 'सीवायएफमॅक४३४५५-एसडीआयओ' या फर्मवेअर फाइलची 'मिनिमल' आवृत्ती निवडता येते. तीत काही सोयी कमी, पण जागा जास्त मोबाइलना. चाळीस मुलांच्या वर्गाला तीही अपुरी. तिथे केबलने जोडलेला हजार-दीड हजाराचा साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावावा आणि पायकडे फक्त विकिपीडिया ठेवावा. छोटा संगणक हे सगळ्यांवरचं औषध नव्हे.

मांडणीबद्दल थोडं. २०२३ च्या बुकवर्मपासून रास्पबेरीच्या प्रणालीत 'नेटवर्क मॅनेजर' कारभार पाहतो. आधी 'डीएचसीपीसीडी' पाहत असे. जुन्या सूचनांप्रमाणे 'डीएचसीपीसीडी डॉट कॉन्फ'मध्ये कितीही लिहिलं तरी ती फाइल वाचणारं कुणी नाही. साध्या गरजेला 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय हॉटस्पॉट' पुढे नाव आणि परवलीचा शब्द, एवढी एकच आज्ञा पुरते, पायला १०.४२.०.१ हा पत्ता मिळतो आणि मोबाइलना पत्ते आपोआप वाटले जातात. होस्ट-एपीडीच हवं असेल तर आधी 'एनएमसीएलआय डिव्हाइस सेट डब्ल्यूलॅन१ मॅनेज्ड नो' म्हणावं, नाहीतर दोघं एकाच डोंगलवर हक्क सांगतात आणि 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' येतं. डेबियन होस्ट-एपीडी कुलूप लावूनच देतं, 'सिस्टिमसीटीएल अनमास्क होस्ट-एपीडी' केल्याशिवाय ते सुरू होत नाही. पहिल्या चाचणीला फाइल मुद्दाम लहान ठेवावी: इंटरफेस, ड्रायव्हर 'एनएल८०२११', नाव, 'एचडब्ल्यू-मोड' जी, वाहिनी ६, देश 'आयएन', डब्ल्यूपीए २, सीसीएमपी, आणि ८ ते ६३ अक्षरांचा परवलीचा शब्द. नाव मोबाइलवर दिसलं की मगच '८०२११एन' वगैरे ओळी एकेक करून वाढवाव्यात. एकदम सगळ्या घातल्या की कुठली नडली ते सापडत नाही. आणि सेवा म्हणून सुरू करण्याआधी 'होस्ट-एपीडी वजा डी' असं हाताने चालवावं. चूक पडद्यावर दिसते.

देश लिहिणं हा उपचार नाही. पायवर देश ठरवला नाही तर वाय-फाय 'आरएफकिल' या कुलपाने बंदच राहतं. ते 'रास्पी-कॉन्फिग'मधून ठरवावं. देश न सांगितलेल्या इतर यंत्रांवर लिनक्स '००' हा जागतिक नियम धरतं, त्यात ५ गिगाहर्ट्झच्या वाहिन्यांवर 'नो आयआर'. डोंगल उत्तम असूनही ५ गिगाहर्ट्झ उठत नाही याचं बहुतांशी कारण हे. भारतात हा पट्टा ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनी बराच खुला झाला. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतली वाहिनी घ्यावी आणि 'एचडब्ल्यू-मोड' ए करावा. मधल्या ५२ पासूनच्या वाहिन्यांवर रडार आहे का हे आधी किमान मिनिटभर ऐकावं लागतं, आणि ते काम सगळ्या ड्रायव्हरांना येत नाही.

वाशी-बेलापूरच्या कार्यालयांतून निघालेले जुने लॅपटॉप आणि मिनी पीसी हल्ली याच कामाला घेतले जातात. त्यांत इंटेलचं वाय-फाय कार्ड असेल तर सावध असावं. इंटेलचं फर्मवेअर आजूबाजूची नेटवर्कं ऐकून देश स्वतः ठरवतं, आपण लिहिलेलं मानत नाही, आणि ५ गिगाहर्ट्झवर सहसा 'नो आयआर'च दाखवतं. २.४ वर ॲक्सेस पॉइंट होतो. ५ हवाच तर कार्ड बदलावं किंवा वेगळा डोंगल लावावा.

घोडबंदर रोडच्या तीस मजली इमारतीत एका खोलीत उभं राहिलं तरी २.४ गिगाहर्ट्झवर डझनावारी नेटवर्कं दिसतात. तिथे ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा हट्ट करू नये. शेजारची नेटवर्कं ऐकून होस्ट-एपीडी स्वतःच २० वर उतरतं आणि ड्रायव्हरला दोष मिळतो. वाहिनी १, ६ किंवा ११ यांपैकीच. शिवाय डोंगल पाय ४ च्या निळ्या यूएसबी-३ तोंडात लावला असेल, शेजारी हार्ड डिस्क असेल, तर यूएसबी-३ चा स्वतःचाच गोंगाट २.४ च्या पट्ट्यात पडतो. फक्त २.४ चा डोंगल काळ्या तोंडात, अर्ध्या मीटरच्या वाढीव केबलवर लावावा. एवढ्याने रेंज सुधारते, हे कित्येकांना खरं वाटत नाही.

विजेचं खातं शेवटी तपासलं जातं, खरं तर पहिलं तपासावं. मोबाइलच्या चार्जरवर पाय सुरू होतो, दोन मोबाइल जोडेपर्यंत टिकतो, आणि पाच जोडल्यावर डोंगल 'डिस्कनेक्ट' होऊन पुन्हा येतो. 'व्हीसीजेनसीएमडी गेट-थ्रॉटल्ड' या आज्ञेचं उत्तर '०एक्स०' असावं. '०एक्स५०००५' म्हणजे व्होल्टेज आत्ता कमी आहे. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. पाय ५ ला ५ अँपिअरचा. ३ अँपिअरवर तो चारही यूएसबी तोंडांना मिळून ६०० मिलीअँपिअरच देतो. दोन पट्ट्यांचा डोंगल आणि डिस्क त्यात भागत नाहीत.

हे सगळं निस्तरण्यासारखं आहे, पण चिप कळली तर. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, किंमत, महिना-वर्ष, तक्रारीचा संपर्क छापावा लागतो. बिनतारी उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मान्यताही लागते. म्हणजे आयातदाराला आत काय आहे हे कागदोपत्री ठाऊक असतं. चिपचं नाव आणि आवृत्ती ही आणखी एक ओळ छापायला शाईच तेवढी जास्त लागेल. ग्राहक व्यवहार विभागाने ती सक्तीची करावी. तोवर गोखले रोडवरच्या किंवा लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारांनी निदान फळीवर हाताने लिहून ठेवावं. ज्यांच्याकडे हे लिहिलेलं असेल त्यांच्याकडे महाविद्यालयांचं गिऱ्हाईक आपोआप जाईल.

वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञान पुरवण्यांनाही एक विनंती. 'कुठलाही यूएसबी वाय-फाय डोंगल चालेल' हे वाक्य छापू नये. त्याजागी चिपचं नाव आणि कर्नेलची आवृत्ती द्यावी.

महाविद्यालयं, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि ग्रंथालयं खरेदीच्या पत्रात '३०० एमबीपीएस वाय-फाय डोंगल, नग १०' असं लिहितात आणि सर्वांत कमी दराचा माल येतो, तो बहुधा एमटी७६०१यू. त्याऐवजी असं लिहावं: 'यूएसबी वाय-फाय डोंगल, चिप आरटी५३७० किंवा एमटी७६१२यू, ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नेलमधला, पुरवठ्याच्या वेळी आयडब्ल्यू लिस्टमध्ये एपी मोड दाखवून द्यावा, दहाही नग एकाच ओळखक्रमांकाचे असावेत, न जुळल्यास सात दिवसांत परत.' आणि माल घ्यायला जाणाऱ्याने चार्ज केलेली पॉवर बँक, पाय आणि कार्ड पिशवीत न्यावं. दुकानातच डोंगल लावून दोन आज्ञा द्यायला पाच मिनिटं लागतात. बिल त्यानंतर.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)